नवी विंडोज, जुन्या डिस्क आणि साइन-इनची साखळी

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि माझ्या संगणकाचे पुढे काय करायचे हा प्रश्न आणखी लांबणीवर टाकण्यात अर्थ उरला नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ होती, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पण ती घ्यायची तरी मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करावे लागते, आणि मी तोवर संगणकावर केवळ स्थानिक खातेच, म्हणजे त्या एका संगणकापुरते असलेले खाते, वापरत आले होते. खाते जोडणे दोन्हीकडून अटळच असेल, तर वर्षभराची सवलत घेऊन पुन्हा त्याच जागी येण्यापेक्षा एकदाच विंडोज ११ वर जावे, असे मी ठरवले. डिस्क बदलणे हे एक काम आणि खाते जोडणे हे दुसरे, अशी माझ्या मनात त्या वेळी स्पष्ट विभागणी होती. नव्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही दोन कामे वेगळी राहिलेलीच नाहीत, हे पुढे पायरीपायरीने लक्षात येत गेले.

माझ्या संगणकात २५६ जीबीची साटा (केबलने जोडायची) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क होती, तीवर सी ड्राइव्ह म्हणजे विंडोज, आणि दोन टेराबाइटची हार्ड डिस्क होती, तीवर डी ड्राइव्ह म्हणजे माझी सगळी कागदपत्रे, छायाचित्रे आणि कामाच्या फाइल. प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत जेमतेम बसणारा. मेमरी पुरेशी होती, जागाही किमान ६४ जीबीच्या अटीपेक्षा बरीच जास्त होती. तरीही तपासणी करणाऱ्या अधिकृत प्रोग्रामने नकार दिला आणि दोन कारणे दाखवली: टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारा सुरक्षा-भाग) सापडत नाही आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त खात्रीचे प्रोग्राम चालू देणारी सोय) उपलब्ध नाही. पहिले कारण लगेच निकालात निघाले. या काळातील बहुतेक प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे चिपमध्ये कायम बसवलेल्या प्रोग्राममध्येच, टीपीएमची सोय असते. मदरबोर्ड बनवणाऱ्याने ती कारखान्यातून बंद करून पाठवलेली असते एवढेच. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ती चालू केली की काम झाले. दुसऱ्या कारणाशी मात्र डिस्कचा संबंध होता. सिक्युअर बूट चालण्यासाठी संगणक यूईएफआय या जुन्या बायोसची जागा घेणाऱ्या पद्धतीने सुरू व्हावा लागतो, त्यासाठी विंडोजच्या डिस्कवरील विभागणीची नोंद जीपीटी प्रकारची लागते, आणि माझी एसएसडी जुन्या एमबीआर पद्धतीची होती.

एमबीआर ही पद्धत १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आली आणि एवढ्या वर्षांनंतरही कित्येक संगणकांत ती निमूटपणे काम करते आहे. तिच्यात सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरील जागेच्या छोट्या तुकड्याचा, क्रमांक ३२ बिटांत लिहितात. एक सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर सुमारे २.२ टेराबाइटपलीकडची जागा तिला दिसतच नाही, आणि मुख्य विभागही चारपेक्षा जास्त करता येत नाहीत. माझी दोन टेराबाइटची हार्ड डिस्क या मर्यादेच्या आत बसत होती, म्हणून इतकी वर्षे याचा विचार करण्याची वेळच आली नव्हती. जीपीटीवर विंडोज १२८ विभागांपर्यंत नोंद ठेवते आणि आकाराची मर्यादा व्यवहारात जाणवत नाही. डिस्क न पुसता एमबीआरचे जीपीटी करण्याचे साधन विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून सोबतच मिळते, मात्र त्यासाठी डिस्कवर तीनपेक्षा जास्त मुख्य विभाग नसावेत आणि एक्स्टेंडेड (पोटात आणखी विभाग असलेला) विभाग तर मुळीच नसावा, अशा अटी आहेत. माझी डिस्क या अटींत बसत होती. तरीही मी तो मार्ग घेतला नाही. चालू असलेल्या एकुलत्या एक डिस्कवर प्रयोग करायचा, तो फसला तर परतीची वाट नाही, हे मला पटत नव्हते. त्याऐवजी एक टेराबाइटची नवी एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी, जास्त वेगवान) एसएसडी घ्यायची, विंडोज ११ तिच्यावर कोऱ्या पाटीने बसवायची आणि जुनी एसएसडी हात न लावता जशीच्या तशी ठेवायची, असा बेत केला. हा बेत किती उपयोगी ठरला ते पुढे येईलच.

डिस्कला हात घालण्यापूर्वी मी खात्याकडे वळले, आणि हा क्रम मी कोणालाही आग्रहाने सांगेन. मायक्रोसॉफ्टचे माझे खाते कधीकाळी एका कामापुरते उघडलेले होते आणि त्यात नोंदवलेला मोबाइल क्रमांक मी केव्हाच सोडून दिला होता. खात्याची ओळख पटवण्याची साधने, म्हणजे मोबाइल क्रमांक आणि पर्यायी ईमेल, ही सगळीच हातातून गेली असतील आणि ती एकदम बदलायची असतील, तर ३० दिवसांचा प्रतीक्षाकाळ लागतो. घाईत असलेल्या माणसाला हा नियम जाचक वाटेल, पण खाते चोरणाऱ्यालाही तेवढेच दिवस थांबावे लागते आणि मूळ मालकाला सावध व्हायला वेळ मिळतो. सुदैवाने माझा पर्यायी ईमेल चालू होता. त्यावर आलेल्या कोडने नवा क्रमांक जोडता आला आणि मग जुना काढता आला. फोनवर कोड देणारे अ‍ॅप जोडले आणि खात्याचा रिकव्हरी कोड कागदावर उतरवून घेतला. हे सगळे जुन्या, चालत्या संगणकावर बसून शांतपणे करता आले. हेच काम नव्या विंडोजच्या अर्धवट पडद्यासमोर करावे लागणे म्हणजे काय, याची कल्पना पुढच्या पायऱ्या वाचल्यावर येईल.

बॅकअपबद्दल फार लिहीत नाही. डी ड्राइव्हची संपूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि त्याआधी हार्ड डिस्कचे स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या प्रकृतीच्या नोंदी, पाहिल्या. त्यात पाचव्या क्रमांकाची नोंद म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर आणि १९७ व्या क्रमांकाची म्हणजे निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर. दोन्ही शून्य होते. प्रत घेण्याच्या भरात आजारी डिस्क शेवटचा श्वास घेते असे अनेकदा घडते, म्हणून हे दोन आकडे आधी पाहून ठेवलेले बरे.

नवी डिस्क बसवणे हे यांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक काम आहे. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी ती पट्टी एम.२ खाचेत थोडी तिरपी सरकवायची, दाबून आडवी करायची आणि एक बारीक स्क्रू लावायचा. मी ती बसवली, संगणक सुरू केला, आणि जुन्या विंडोजमधून माझा डी ड्राइव्ह नाहीसा झालेला दिसला. केबल घट्ट होती, वीज मिळत होती, डिस्क फिरत असल्याचे हाताला जाणवत होते, पण बायोसच्या यादीतही तिचे नाव नव्हते. उत्तर मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत, एका तक्त्याखाली बारीक अक्षरांत सापडले. त्या एम.२ खाचेचा आणि साटाच्या एका जोडणीचा मार्ग समाईक होता. खाचेत पट्टी बसली की ती जोडणी आपोआप बंद होते. हार्ड डिस्कची केबल काढून शेजारच्या जोडणीत लावली आणि डी ड्राइव्ह सुखरूप परत आला. मदरबोर्डवर अशी वाटणी सर्रास असते, आणि तिची सूचना पडद्यावर कुठेही मिळत नाही. डिस्क मेली असे समजून एखादा माणूस ती डेटा वाचवणाऱ्यांकडे घेऊन गेला, तर त्याला दोष देता येणार नाही.

पुढची पायरी होती पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ बसवण्याची. ती करताना नव्या एसएसडीखेरीज बाकीच्या दोन्ही डिस्कच्या केबल मी मुद्दाम काढून ठेवल्या. विंडोजच्या इन्स्टॉलरला एकाहून जास्त डिस्क दिसल्या तर संगणक सुरू करण्यासाठी लागणारा छोटा ईएफआय विभाग तो कधीकधी भलत्याच डिस्कवर तयार करतो किंवा तिथे आधीपासून असलेला वापरतो, आणि मग काही महिन्यांनी ती दुसरी डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही. केबल काढल्याने हा प्रश्न मिटला, पण आता इन्स्टॉलरला एकही डिस्क दिसेना. यादी रिकामी आणि खाली ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला यंत्राचा भाग ओळखायला शिकवणारा प्रोग्राम, जोडण्याची सूचना. माझ्या बायोसमध्ये स्टोरेज कंट्रोलर (डिस्क हाताळणारी चिप) रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या, पद्धतीवर लावलेला होता, आणि त्या पद्धतीत एनव्हीएमई डिस्कही त्याच कंट्रोलरच्या आड जाऊन बसली होती. इन्स्टॉलरकडे तो कंट्रोलर ओळखणारा ड्रायव्हर नव्हता. पद्धत बदलून एएचसीआय (साधी, नेहमीची) केली तर डिस्क लगेच दिसली असती, परंतु जुनी विंडोज रेड पद्धतीवर बसवलेली होती, आणि पद्धत बदलल्यावर अशी विंडोज सुरू होताना निळा पडदा दाखवून थांबते. जुनी डिस्क चालू अवस्थेत राखायची हे आधीच ठरलेले असल्याने मी दुसरी वाट धरली: मदरबोर्डच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून, उघडून, त्याच पेन ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवला आणि इन्स्टॉलरला तो फोल्डर दाखवला. डिस्क यादीत आली. आकार ९३१ जीबी. एक टेराबाइटची डिस्क घेऊन ९३१ दिसल्यावर फसवणूक झाल्यासारखे वाटते, पण डिस्क विकणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. जागा तितकीच असते.

फाइल उतरल्या, संगणक पुन्हा सुरू झाला, देश आणि कीबोर्ड निवडून झाले, आणि नेटवर्क जोडण्याच्या पडद्यावर घोडे पेंड खाऊ लागले. मदरबोर्डवरील नेटवर्क चिपचा ड्रायव्हर नव्या विंडोजमध्ये नव्हता, नेटवर्क नाही म्हणून साइन-इन नाही, आणि साइन-इन नाही म्हणून पुढे जाणे नाही. होम आवृत्तीत हा पडदा ओलांडण्याची एक पळवाट पूर्वी सर्वांना ठाऊक होती, परंतु अलीकडच्या आवृत्त्यांत अशा वाटा एकेक करून बुजवल्या जात आहेत, त्यामुळे तिच्यावर विसंबून काम सुरू करू नये. मी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडला आणि त्यावरचे टिथरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय, चालू केले. या प्रकारच्या जोडणीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो, त्यामुळे तो फोन नेटवर्क म्हणून लगेच ओळखला गेला.

नेटवर्क मिळाले तरी साइन-इनचे पान उघडेना. काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा, एवढाच निरोप वारंवार येत राहिला. पासवर्ड विचारण्यापर्यंतही गाडी पोचत नव्हती, म्हणजे खात्यात दोष नसावा, जोडणीत असावा, असा मी अंदाज केला. फोनवर तेच पान व्यवस्थित उघडत होते. दोन्हींत फरक काय, याचा विचार करताना बायोसमध्ये जाऊन पाहिले, तर तारीख कित्येक वर्षे मागची निघाली. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असते. संगणकाच्या मते तो दिवस अजून उजाडलेलाच नसेल, तर तो प्रमाणपत्र नाकारणारच. डिस्क बसवताना मी वीजजोडणी बराच वेळ काढून ठेवली होती, आणि मदरबोर्डवरचा सेल अशक्त झाल्याने तेवढ्यात घड्याळ मागे गेले होते. तारीख आणि वेळ हाताने लावली आणि साइन-इनचे पान निमूट उघडले. इथे एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. फोनवरील अ‍ॅप जो सहा अंकी कोड दाखवते, तो सहसा दर ३० सेकंदांनी बदलतो आणि फोनच्या घड्याळावर बेतलेला असतो. त्यामुळे कोड नाकारला जात असेल तर फोनची वेळ तपासावी, आणि पानच उघडत नसेल तर संगणकाची.

साइन-इन झाल्यावर विंडोजने पिन ठरवायला लावला. चार आकड्यांचा पिन हा लांबलचक पासवर्डपेक्षा सुरक्षित कसा, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर असे की पिन त्या एका संगणकाबाहेर जात नाही. तो टीपीएमशी बांधलेला असतो, दुसऱ्या संगणकावर त्याचा काही उपयोग नसतो, आणि चुकीचे प्रयत्न फार झाले तर टीपीएम स्वतःच दार लावून घेतो. पासवर्ड मात्र जगात कुठूनही चालतो. ही व्यवस्था मला योग्य वाटते. खटकले ते दुसरेच: माझ्या नावाचे फोल्डर विंडोजने ईमेल पत्त्याच्या पहिल्या पाच अक्षरांवरून तयार केले, आणि ते नाव नंतर बदलणे इतके किचकट आहे की मी तो नाद सोडला. त्या पाच अक्षरांतून कोणताही शब्द तयार होत नाही.

यानंतर केबल पुन्हा जोडल्या आणि तेव्हा डिस्क आणि खाते एकमेकांत कसे गुंतले आहेत ते खऱ्या अर्थाने दिसले. फाइल एक्स्प्लोररमध्ये सी ड्राइव्हच्या चित्रावर एक छोटे उघडे कुलूप होते. मी कुठलेही कुलूप लावायला सांगितले नव्हते. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून कोरे इन्स्टॉलेशन केले, टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असले आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले, तर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील मजकूर गूढलिपीत ठेवण्याची सोय, आपणहून सुरू होते, होम आवृत्तीतसुद्धा. त्याची रिकव्हरी की, म्हणजे अडचणीत ते कुलूप उघडणारी आकड्यांची किल्ली, त्याच खात्यात जमा होते. स्थानिक खाते असेल तर डिस्कवरील मजकूर गूढलिपीत जातो, पण किल्ली उघडीच राहते. खात्याने साइन-इन झाल्यावर, रिकव्हरी की तिथे सुरक्षित पोचल्यावरच कुलूप खरे लागते. म्हणजे साइन-इनचा तो पडदा हा डिस्कच्या कुलपाचाही पडदा होता, आणि तसे तिथे ठळकपणे सांगितलेले मला दिसले नाही. ही सोय आत बसवलेल्या इतर डिस्कनाही लागू होऊ शकते. माझा डी ड्राइव्ह त्या वेळी केबलविना असल्याने तसाच राहिला. मी लगेच फोनवरून खात्यात जाऊन की उतरवून घेतली, कागदावर छापली आणि कागदपत्रांच्या फाइलीत ठेवली.

आता जुन्या एसएसडीवरच्या माझ्या फोल्डरकडे गेले. उघडायला गेल्यावर विंडोजने सांगितले की या फोल्डरसाठी तुम्हाला परवानगी नाही. नाव माझेच, फाइल माझ्याच, पण विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला ती एक लांब क्रमांक देते, फाइलीवर मालक म्हणून तो क्रमांक लिहिते, आणि नव्या विंडोजमधील माझा क्रमांक अर्थातच वेगळा होता. त्याच खिडकीत पुढे जाण्याचे बटण होते. ते दाबले, हिरवी पट्टी सावकाश सरकत राहिली, आणि फोल्डर उघडले. पासवर्ड नाही, कोड नाही, जुन्या खात्याचा कसलाही पुरावा नाही. या संगणकावर मी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे एवढेच पुरले. माझ्या सोयीचे होते, पण याचा अर्थ असा की इतकी वर्षे माझ्या त्या लॉगिन पासवर्डने डिस्कवरील फाइलींचे रक्षण मुळीच केले नव्हते. कोणीही ती डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली असती तर तेच बटण त्यालाही मिळाले असते.

फाइल आल्या, पण ब्राउझरमधील पासवर्ड आले नाहीत. ब्राउझरचे संपूर्ण प्रोफाइल फोल्डर नव्या जागी नेले, बुकमार्क दिसले, इतिहास दिसला, मात्र जतन केलेले पासवर्ड रिकामे. विंडोजवर बहुतेक ब्राउझरचे पासवर्ड त्या वापरकर्त्याच्या लॉगिनशी बांधलेल्या किल्लीने बंद केलेले असतात, त्यामुळे फाइलची नक्कल केल्याने ते उघडत नाहीत. इथे जुनी डिस्क अखंड ठेवल्याचे चीज झाले. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय तात्पुरती चालू केली, विंडोज १० जशी होती तशी समोर आली, आणि जुन्या खात्यात शिरून ब्राउझरमधून पासवर्डची यादी फाइलमध्ये काढून घेतली. अशी फाइल उघड्या मजकुराची असते, म्हणून नव्या ठिकाणी भरून होताच ती पुसून टाकावी लागते.

त्या वेळी सहज नव्या डिस्ककडे पाहिले. विंडोज १० मध्ये ती दिसत होती, पण पिवळ्या बंद कुलपासह. किती जागा वापरली, किती मोकळी, हेही सांगायला ती तयार नव्हती. क्लिक केल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. एकाच खोक्यातील दोन डिस्क, मालक एकच, आणि नव्या विंडोजमधून जुनी डिस्क एका बटणाने उघडते तर जुन्या विंडोजमधून नवी डिस्क काही केल्या उघडत नाही. डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता सुरू होण्याबद्दलची माझी नाराजी या दृश्याने निम्म्याहून अधिक कमी झाली. उरलेली नाराजी न सांगण्याबद्दलची आहे, आणि ती कायम आहे.

काम संपले असे वाटत असतानाच मदरबोर्डवरच्या त्या सेलने पुरते राम म्हटले. बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीला गेली असल्याचा संदेश आला. सीआर२०३२, २० मिलिमीटर व्यासाचा, तीन व्होल्टचा चपटा सेल. तो बदलणे सोपे आहे. बायोसच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र मी आधीच फोनवर काढून ठेवले होते, त्यावरून स्टोरेज कंट्रोलरची पद्धत, टीपीएम, सिक्युअर बूट असे सगळे पूर्ववत लावले. तरीही संगणक विंडोजपर्यंत न जाता निळ्या पडद्यावर थांबला आणि रिकव्हरी की मागू लागला. फर्मवेअरमधील टीपीएमच्या आतला मजकूर या उलथापालथीत पुसला गेला होता, आणि डिस्कची किल्ली त्याच्याच ताब्यात असते. फर्मवेअर अपडेट करण्यापूर्वी हे संरक्षण तात्पुरते थांबवता येते आणि तसे करावेच. सेल मात्र नेमका केव्हा संपणार ते सांगून संपत नाही.

पडद्यावर कीचा ओळख क्रमांक दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरे कागदावरच्या नोंदीशी जुळवून पाहिली, कारण एका खात्यात अनेक संगणकांच्या की साठलेल्या असू शकतात. मग सहा-सहा आकड्यांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर सगळी की भरून होण्याची वाट न पाहता चूक त्याच गटात पकडता येते. ज्याने ही रचना केली त्याने अशा पडद्यासमोर बसलेल्या माणसाचा विचार केलेला आहे. आठवा गट भरला आणि विंडोज सुरू झाली. माझ्याकडे कागद नसता, तर की खात्यात होती, खात्यात जायला कोड हवा होता आणि कोड फोनवर होता. फोन हाताशी असेपर्यंत ही साखळी चालते. कोड देणारे अ‍ॅप किंवा पर्यायी ईमेलचा पासवर्ड त्याच बंद संगणकात असलेल्यांनी काय करावे, याला माझ्याकडे उत्तर नाही.

आत गेल्यावर लॉगिनच्या पडद्याने सांगितले की पिन उपलब्ध नाही. टीपीएम कोरा झाल्यावर त्याच्याशी बांधलेला पिनही गेला, हे ओघाने आलेच. पुन्हा पासवर्ड, पुन्हा कोड, आणि नवा पिन. रिकव्हरी की आता बदलली आहे का, हे खात्यात जाऊन तपासले, तीच होती.

घरातील दुसऱ्या व्यक्तीसाठी याच संगणकावर मी सेटिंग्जमधून स्थानिक खाते तयार केले, कारण पहिले साइन-इन झाल्यानंतर ती सोय अजूनही आहे. हार्ड डिस्कचे ड्राइव्ह लेटर ई झाले होते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते पुन्हा डी केले आणि जुने शॉर्टकट चालू लागले. राहता राहिली जुनी एसएसडी. सगळे पासवर्ड आणि फाइल आल्याची खात्री झाल्यावर ती पुसायची होती. एसएसडी आपला मजकूर आतल्या आत जागा बदलून लिहीत असल्याने हार्ड डिस्कप्रमाणे वरून शून्ये लिहून ती पूर्ण कोरी होईलच असे नाही, म्हणून बायोसमध्येच असलेली सिक्युअर इरेजची सोय वापरली, चालू विंडोजच्या डिस्कऐवजी हीच निवडली आहे ना हे अनुक्रमांक पाहून पक्के केले, आणि मग तिच्यावर जीपीटी पद्धतीने एकच विभाग करून बॅकअपच्या फाइलींसाठी ती कामाला लावली.